मण्याचे वेज

समुद्रकिनारी सहलीला नेलेली मुले रिकाम्या हाताने परतत नाहीत. शंख-शिंपले तर असतातच, पण खिसे तपासले तर आणखी एक वस्तू हमखास सापडते. पेपरमिंटच्या गोळीसारखा दिसणारा, धुरकट, कडा पार गुळगुळीत झालेला काचेचा तुकडा. फुटक्या काचेला हात लावू नका असे आपण मुलांना सतत बजावतो. आणि ही काच मात्र मुठीत घट्ट धरली तरी बोचत नाही. इंग्रजीत तिला 'सी ग्लास' म्हणतात. आपण सागरकाच म्हणू.

आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलींनी रत्नागिरीकडच्या सहलीत असे चाळीसेक तुकडे जमवले आणि त्यांची माळ करायचे ठरवले. मध्ये मध्ये ओवायला अकीकाचे तांबडे मणीही आणायचे ठरले. काम दोन दुपारचे वाटले होते, त्याला सारे सत्र लागले. त्या निमित्ताने आम्हांला जे शिकावे लागले ते इतर शाळांच्याही उपयोगी पडेल म्हणून हा लेख. त्यातला एक भाग दागिन्यांचा नाही, फुप्फुसांचा आहे. तो कृपया वगळू नये.

आधी या काचेचे काय होते ते पाहू. बाटली खडकावर फुटते तेव्हा तिच्या कडा सुरीसारख्या असतात. लाटा तो तुकडा वाळूत पुढेमागे फरफटत नेतात. कोण कोणाला ओरखडतो हे ठरवण्यासाठी फ्रीडरिश मोज या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली सुचवलेली काठिण्याची मोजपट्टी आजही वापरतात. तिच्यात शंखजिरे १ वर, हिरा १० वर. आपले नख सुमारे २.५, काच सुमारे ५.५ आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, ७. वाळूत क्वार्ट्झचे कण असतील तर ते काचेला सहज झिजवतात. एखाद्या किनाऱ्यावरची वाळू बहुतांशी शिंपल्यांच्या चुऱ्याची असेल तर मात्र काम रेंगाळते, कारण शिंपला ३ ते ४ च्या घरातला. मोठे गोटे काचेवर आपटतात तेव्हा आणखी एक खूण उमटते, चंद्रकोरीसारखी बारीक वाकडी चीर. भिंगाखाली अस्सल सागरकाचेवर अशा चिरा दिसतात. आम्ल लावून किंवा पिंपात फिरवून कारखान्यात केलेली नकली सागरकाच बाजारात मिळते. तिचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा असतो.

पण नुसत्या घासण्याने हे सारे होत नाही. बाटलीची काच म्हणजे सुमारे ७० टक्क्यांहून अधिक सिलिका, त्यात वितळण्याचे तापमान उतरवण्यासाठी घातलेला सोडा आणि काच पाण्यात टिकावी म्हणून घातलेला चुना. समुद्राचे पाणी वर्षानुवर्षे या काचेच्या वरच्या थरातला सोडा ओढून घेते. सोडा गेला की तिथे सूक्ष्म खळगे उरतात. घासण्याने खडबडीतपणा येतो आणि पाण्याने ही 'हिमकण' पडल्यासारखी साय येते. चांगली साय धरायला काही दशके लागतात.

आता वर्गात करण्यासारखा एक प्रयोग. सागरकाचेचा कोरडा तुकडा पुस्तकावर ठेवा; अक्षरे दिसत नाहीत. त्यावर पाण्याचा थेंब टाका; अक्षरे अंधूक दिसू लागतात. पुसून, वाळवून आता गोडेतेलाचे बोट फिरवा. काच पाण्यापेक्षाही स्वच्छ होते. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश वाटेल तसा विखुरतो म्हणून काच पांढुरकी दिसते. खळगे द्रवाने भरले की पृष्ठभाग जणू सपाट होतो. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२, पाण्याचा १.३३, खाद्यतेलाचा १.४७ च्या आसपास. द्रव जितका काचेच्या जवळचा, तितका विखुरण्याचा प्रकार कमी. न्हाणीघराच्या खिडकीच्या दुधी काचेला खरबरीत बाजूने चिकटपट्टी लावली तरी तेवढ्यापुरते पलीकडचे दिसते, त्याचे कारणही हेच. (मुले हा शोध आपल्याआधी लावतात, असा आमचा अनुभव आहे.)

रंगांवरून बाटलीचे कूळ सांगता येते. वाळूतल्या लोहामुळे काच मुळात फिकट हिरवट येते. आपल्याकडच्या गोटी सोड्याच्या बाटलीचा निळसर हिरवा रंग त्यातलाच. तपकिरी तुकडे बहुधा औषधांच्या किंवा बिअरच्या बाटल्यांचे. गडद निळा रंग कोबाल्टचा. जुन्या काळी काचेचा हिरवट रंग घालवण्यासाठी मँगेनीज मिसळत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की जांभळट होते. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या सीहॅम गावी १८५३ ते १९२१ या काळात बाटल्यांचा मोठा कारखाना होता आणि त्याची रद्दी काच समुद्रात जाई. आज लोक ती वेचायला लांबून येतात. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅग गावाने १९०६ ते १९६७ पर्यंत आपला कचरा किनाऱ्यावर ओतला आणि तिथे 'काचेचा किनारा' तयार झाला. तिथल्या राज्य उद्यानाच्या हद्दीतून आता काच उचलायला बंदी आहे! एका पिढीचा उकिरडा पुढच्या पिढीने राखून ठेवावा हे गमतीचेच.

भोक पडेना

काच जमली, दोरा आणला, आणि काम अडले ते भोकापाशी. जुन्या मराठीत मण्याच्या भोकाला वेज म्हणतात. दगडाला आकार देणे, झिलई देणे ही कामे कष्टाची खरी, पण मणी तयार होतो तो वेज पडल्यावर. त्याआधी तो नुसता खडा.

आम्ही पहिल्या दिवशी भिंतीला भोके पाडायचे पाते छोट्या यंत्राला लावून कोरडेच काम सुरू केले. बारापैकी नऊ तुकडे फुटले. उरलेल्या तिघांना भोक पडले, पण मागच्या बाजूने मोठा टवका उडून. काच ठिसूळ असते. दाब ती बऱ्यापैकी सोसते, ताण सोसत नाही. पाते आरपार जाता जाता शेवटचा पातळ पापुद्रा मागे ढकलला जातो, त्याच्या मागच्या बाजूला ताण येतो आणि तो निखळतो. शिवाय घर्षणाने एकच ठिकाण तापते, भोवतालची काच थंड राहते आणि तडा जातो.

मग एका जाणत्या सोनाराने सांगितलेली रीत वापरली. ती अशी. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे तांब्याची अगदी बारीक 'कॅपिलरी' नळी मिळते, बाहेरून सुमारे २ मि.मी. जाडीची. तिचा बोटभर तुकडा हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये बसवायचा. मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्याकडे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मिळते; तिच्यात सिलिकॉन कार्बाइडचे, म्हणजे कार्बोरंडमचे, कण असतात. काच फळीवर मेणाने पक्की करायची, तिच्याभोवती झाडाला करतो तसे शाडूच्या मातीचे आळे करायचे, आळ्यात पाणी आणि चिमूटभर पेस्ट. मग हलक्या हाताने ड्रिल फिरवत राहायचे. निम्मी जाडी झाली की काच उलटी करून दुसऱ्या बाजूने सुरुवात करायची. दोन्ही भोके मध्ये भेटली की टवका उडत नाही.

इथे मुलींनी रास्त शंका काढली. तांब्याचे काठिण्य ३, काचेचे ५.५. मऊ धातू कठीण काचेला कसा कापेल? तांबे कापतच नाही. कार्बोरंडमचे काठिण्य ९ हून अधिक. त्याचे टोकदार कण मऊ तांब्यात रुततात आणि नळीचे तोंड म्हणजे कणांचे दाते बसवलेली करवत होते. नळी मऊ असते म्हणूनच कण तिच्यात बसतात. पोलादी नळीवरून ते घसरतील. कार्बोरंडम कारखान्यात तयार होऊ लागले १८९० च्या दशकात. त्याआधी हजारो वर्षे हे काम वाळू किंवा कुरुंद करत होते. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या चाकातला तोच कुरुंद, काठिण्य ९.

४ मि.मी. जाडीच्या एका तुकड्याला आम्हांला पाऊण तास लागला. पुढे हिऱ्याची भुकटी बसवलेली बारीक पाती आणली, तेव्हा हेच काम पाण्याखाली काही मिनिटांत झाले. पण मुलांना शिकवायचे तर आधी तांब्याची नळीच द्यावी असे आमचे मत आहे. आणि विजेवर चालणारे यंत्र पाण्याजवळ मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. घ्यायचेच तर बॅटरीवरचे.

तांबडा दगड

आता अकीक. महाराष्ट्रात राहणाऱ्याला अकीक परका नाही. शेतात, नदीच्या पात्रात ज्या गारगोट्या सापडतात त्यांतल्या कित्येक याच कुळातल्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि कातळात पोकळ्या राहिल्या. पुढे मुरणाऱ्या पाण्याने खडकातली सिलिका विरघळवून आणली आणि पोकळ्यांच्या भिंतींवर थरांवर थर बसवले. अकीकातले पट्टे ते हेच.

रासायनिक दृष्ट्या अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका, आणि काचही मुख्यतः सिलिकाच. पण काचेत अणूंची मांडणी विस्कळीत असते, अकीकात ती रांगेत असते. तेही एक मोठा स्फटिक नाही, एकमेकांत गुंतलेले असंख्य सूक्ष्म तंतू. त्यामुळे अकीक कठीण तर आहेच (६.५ ते ७), शिवाय चिवट आहे. आपल्या प्रयोगशाळेतल्या जुन्या रासायनिक तराजूची दांडी ज्या धारेवर तोललेली असते ती अकीकाची असते. प्रयोगशाळेत बारीक पूड करायचा खलही अकीकाचा. मुलांना दागिन्यातला दगड दाखवण्याआधी तराजू उघडून दाखवावा.

मण्यांसाठीचा अकीक गुजरातेत भडोच जिल्ह्यातल्या रतनपूर परिसरातून निघतो आणि त्याचे मणी होतात खंबातला. दख्खनच्याच लाव्हातले हे गोटे; झिजून सुटे झाले आणि पाण्याने वाहून गोट्यांच्या थरांत साठले. खाणीतून निघतो तेव्हा दगड तांबडा नसतोच, पिवळट तपकिरी असतो. तो आधी महिनोन् महिने उन्हात वाळवतात, मग मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. दगडात लोहाचे पाणी धरून ठेवणारे पिवळट संयुग असते. भाजल्यावर पाणी निघून जाते आणि तांबडे लोह ऑक्साइड उरते. पिवळ्या मातीची वीट भट्टीत लाल होते, तीच ही क्रिया. आच एकदम वाढली तर आतल्या पाण्याची वाफ दगड फोडते, म्हणून घाई करत नाहीत.

दगड घडवायची रीतही पाहण्यासारखी आहे. जमिनीत एक लोखंडी सळई तिरपी रोवलेली असते. कारागीर दगड तिच्या टोकाला टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने मारतो. ढलपी उडते ती सळईच्या बाजूने! हातोडी मऊ असल्यामुळे वरची बाजू शाबूत राहते.

खंबातच्या आखाताच्याच परिसरात लोथल आहे. एस. आर. राव यांच्या उत्खननात तिथे हडप्पाकालीन मणी करण्याचा कारखाना सापडला. सिंधमधल्या चन्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांना १९३५-३६ साली अशाच कार्यशाळेत दगडी सामते मिळाली होती. लोखंड नाही, मग करंगळीपेक्षा लांब तांबड्या मण्यांना आरपार सरळ वेज कसे पाडले? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जोनाथन मार्क केनॉयर आणि मास्सिमो विदाले या पुरातत्त्वज्ञांनी या सामत्यांचा खास कठीण दगड ओळखला आणि मॅके यांच्या स्मरणार्थ त्याला 'अर्नेस्टाइट' नाव दिले. प्रत्यक्ष प्रयोग करून पाहता वेग आला तासाला सुमारे २.५ मि.मी. वर्गात हे गणित घालावे. ६ सें.मी. लांब मण्याला किती तास? चोवीस. म्हणजे रोज आठ तासांचे तीन दिवस, एका भोकासाठी. कराचीजवळच्या अल्लाहदिनो येथे अशा ३६ लांब मण्यांचा कमरपट्टा सापडला. तो करायला ४८० हून अधिक दिवसांची मेहनत लागली असावी असा केनॉयर यांचा अंदाज आहे. असे मणी मेसोपोटेमियातल्या ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत पोचले होते. इकडे शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतही तांबड्या अकीकाचे मणी मिळाले आहेत.

फुंकर

आता वर म्हटलेला फुप्फुसांचा भाग. पहिल्या दिवशी, कोरडे भोक पाडत असताना, बाकावर पांढरी पूड साचली. एका मुलाने काय केले? फुंकर मारली. आपणही तेच करतो. पाटीवरची खडूची पूड फुंकरीनेच घालवतो. त्या दिवशी पूड काचेची होती. काचेची पूड डोळ्यांत, घशात जाऊ नये हे खरेच, पण तिची सिलिका विस्कळीत मांडणीची, स्फटिकरूप नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर अकीक येणार होता.

स्फटिकरूप सिलिकाचे ५ मायक्रॉनहून लहान कण नाकातल्या केसांत अडकत नाहीत, घशाच्या चिकट स्रावात अडकत नाहीत. आपला एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड, यावरून कल्पना यावी. हे कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी स्वतःच मरतात आणि कण पुन्हा मोकळे होतात. पुन्हा नव्या पेशी येतात. या झटापटीत तिथे वण पडत जातात आणि स्पंजासारखे फुप्फुस कडक होते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. तो बऱ्याचदा कित्येक वर्षांनी लक्षात येतो, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यता इतरांहून बरीच जास्त असते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने खंबातच्या कारागिरांची अनेकदा तपासणी केली आहे. सर्वाधिक त्रास आढळला तो चाकावर दगड घासणाऱ्यांना. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच गावात वेज पाडणारा कारागीर पाते थंड राहावे म्हणून त्यावर सतत पाणी ठिबकवत ठेवतो, त्यामुळे पूड चिखल होऊन खाली बसते. घासकाम मात्र कोरड्या चाकावर चालते आणि चाकाला विजेची मोटर लागल्यापासून धूळ दूरवर उडते. हे काम कारखान्यात नव्हे, घराच्या अंगणात चालत आले. म्हणून धूळ बायकामुलांच्या आणि शेजाऱ्यांच्याही श्वासात जाते. धूळ शोषून घेणारी यंत्रणा घासण्याच्या चाकांना बसवण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण तुकड्यांवर मजुरी मिळणाऱ्या माणसाने यंत्रणेचा खर्च कोठून करायचा, हा प्रश्न तिच्या रचनेपेक्षा अवघड ठरतो.

आम्ही त्या दिवसापासून वर्गात दोन नियम केले. काच असो वा दगड, कोरडे भोक पाडायचे नाही, कोरडे घासायचे नाही. आणि पूड फुंकायची नाही, झाडायचीही नाही, ओल्या फडक्याने टिपून ते फडके लगेच धुवायचे. धुतलेले पाणी बादलीत निवू द्यायचे, गाळ ओला असतानाच कागदात बांधून टाकायचा. डोळ्यांना चष्मा हवाच. आणि अकीकाला वेज पाडण्याचे काम शाळेने करूच नये असे आम्ही ठरवले. ते मणी तयार आणले. तासाला २.५ मि.मी.चे गणित सोडवून झालेल्या मुलींनी दुकानात त्यांची किंमत ऐकली तेव्हा 'एवढे महाग?' असे न म्हणता 'एवढे स्वस्त कसे?' असे विचारले. दुकानदाराला उत्तर देता आले नाही.

राहिले ओवणे, किंवा दागिने करणाऱ्यांच्या शब्दांत गाठवणे. वेजाची कड धारदार राहिली तर दोरा महिनाभरात तुटतो. म्हणून भोकाच्या दोन्ही तोंडांवर पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर टोकदार काडीला गुंडाळून फिरवावा. दोरा नायलॉनचा, वेजातून दुहेरी जाईल एवढाच जाड. अकीक ७ आणि काच ५.५ असल्याने शेजारी ओवले तर चालताना हलून अकीक काचेला ओरखडत राहील. यासाठी प्रत्येक मण्यानंतर एक गाठ मारावी. मोत्यांच्या माळेत गाठी असतात त्याही याचसाठी. गाठ सैल बांधून तिच्यात सुईचे टोक ठेवावे, सुईने गाठ मण्यापर्यंत सरकवत न्यावी आणि ती मण्याला टेकली की मगच सुई काढून दोरा ओढावा. आधी ओढला तर गाठ मध्येच बसते आणि मणी लोंबतो. आमच्या पहिल्या माळेत असे सात मणी लोंबत होते.

माळ वापरात आली की दोन-तीन महिन्यांत सागरकाच आपली साय सोडून चकचकीत होऊ लागल्यासारखी दिसते. मुलींना वाटले काच झिजली. झिजलेली नाही, कातडीवरचे तेल खळग्यांत भरले आहे. कोमट साबणपाण्यात बुडवून वाळवली की ती पुन्हा धुरकट होते.